टोलेडोचे ‘गोल्डन रूल’ जोन्स : एका कारखानदार महापौराचं प्रकरण

एप्रिल १८९९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात महापौरपदाची निवडणूक झाली. रिपब्लिकन उमेदवाराला ४,२६६ मतं पडली, डेमोक्रॅटिक उमेदवाराला ३,१४८. आणि ज्याच्या पाठीशी कुठलाच पक्ष नव्हता, गावातले बहुतेक पाद्री ज्याच्या विरोधात बोलत होते, त्या अपक्षाला १६,७७३. म्हणजे शेकडा सत्तरच्या आसपास.

हा अपक्ष म्हणजे सॅम्युएल मिल्टन जोन्स. तेलविहिरींना लागणाऱ्या लोखंडी दांड्यांचा कारखानदार आणि आधीची दोन वर्षं महापौर. गाव त्यांना ‘गोल्डन रूल जोन्स’ म्हणायचं. सुरुवातीला त्यात थोडी चेष्टा होती, पुढे ते नावच होऊन बसलं.

अशा माणसाविषयी लिहायला बसलं की लेखणी आपसूक आरतीकडे वळते. दयाळू मालक, गोरगरिबांचा कैवारी वगैरे. मला हे प्रकरण उघडून बघावंसं वाटलं ते दुसऱ्याच कारणानं. ‘ज्याला धंदा चालवता येतो त्याला गाव चालवता येतं’ हे वाक्य आपल्याकडे नगरपालिकेच्या प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी टाळ्या घेत म्हणतं. जोन्सनी धंदा चालवला आणि गावही चालवलं, आणि दोन्हीकडे आपला नियम एकच आहे असं ते सांगत. कारखान्यात तो नियम चालला. गावात तो कुठे चालला आणि कुठे अडला, हे पाहिलं तर त्या वाक्यातली फट दिसते.

पंधरा सेंट

जोन्स यांचा जन्म ३ ऑगस्ट १८४६ चा, वेल्समधल्या बेडगेलर्ट या डोंगरी गावाजवळचा. सॅम तीन वर्षांचा असताना घरच्यांनी अमेरिकेची बोट धरली आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे लुइस काउंटीत बिऱ्हाड केलं. बाप दगडाच्या खाणीत राबायचा, नंतर खंडानं शेती करायचा. शाळा म्हणाल तर सगळी मिळून अडीच वर्षं. दहाव्या वर्षी दुसऱ्याच्या शेतात, चौदाव्या वर्षी लाकडाच्या वखारीत रोज बारा तास करवतीपाशी, मग एका आगबोटीच्या इंजिनखोलीत पुसापुशी आणि वंगण घालण्याचं काम.

तिथल्याच कुणीतरी त्याला पेनसिल्व्हेनियातल्या तेलाची गोष्ट सांगितली. १८५९ मध्ये टायटसव्हिल गावाबाहेर अमेरिकेतली पहिली व्यापारी तेलविहीर लागली होती आणि सगळ्या मुलखातले हौशे, नवशे, गवशे तिकडे धावत होते. १८६५ मध्ये सॅम टायटसव्हिलला उतरला तेव्हा खिशात पंधरा सेंट होते असं सांगितलं जातं. काम शोधत हिंडताना ‘जागा नाही’ हे उत्तर किती लागतं ते त्यानं त्या दिवसांत चाखलं. पुढे कारखान्याच्या दारात कामासाठी आलेल्या माणसाला ते ज्या तऱ्हेनं भेटत, त्यामागे हे टायटसव्हिल आहे.

पुढची वीस वर्षं चिकाटीची. मजुरी, मग विहिरीवरची देखरेख, मग चार पैसे साठवून स्वतःचे छोटे हिस्से. १८७५ मध्ये आल्मा कर्टिस यांच्याशी लग्न. १८८१ मध्ये लहानगी मुलगी गेली, १८८५ मध्ये बायको. दोन मुलगे घेऊन जोन्स नव्या तेलपट्ट्यात, ओहायोतल्या लायमाला आले, आणि १८८६ मध्ये तिथे त्यांच्या विहिरीला भरघोस तेल लागलं.

लायमाच्या छोट्या तेलवाल्यांनी रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलपुढे उभं राहता यावं म्हणून एकत्र येऊन ओहायो ऑइल कंपनी काढली. जोन्स त्या संस्थापकांपैकी एक. १८८९ मध्ये ती कंपनी स्टँडर्ड ऑइलनंच विकत घेतली. (पुढे मक्तेदारी मोडल्यावर तीच कंपनी वेगळी झाली आणि मॅरेथॉन या नावानं मोठी झाली.) तेव्हा जोन्स यांच्या हाती खेळतं भांडवल आलं ते मक्तेदारीविरुद्ध लढून नाही, मक्तेदाराला विकून. त्यांच्या चाहत्यांच्या लिखाणात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. मला ती महत्त्वाची वाटते, कारण स्वतः जोन्स ती कधी विसरलेले दिसत नाहीत. आपली श्रीमंती आपल्या कष्टाचं फळ आहे, असं ते पुढे कधी छातीठोकपणे म्हणाले नाहीत.

भिंतीवरची पाटी

१८९२ मध्ये त्यांनी टोलेडोच्या हेलन बीच या संगीतशिक्षिकेशी दुसरं लग्न केलं आणि टोलेडोतच राहायला आले. ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला, मॉमी नदीच्या काठावर वसलेलं हे गाव तेव्हा फुगत चाललं होतं. १८९० ला ८१ हजार वस्ती, १९०० ला १ लाख ३१ हजार. जवळपास नैसर्गिक वायू सापडला होता, त्याच्या स्वस्त आगीसाठी १८८८ मध्ये लिबी यांचा काचकारखाना मॅसॅच्युसेट्समधून उठून इथे आला होता. सायकलींचे कारखाने होते, रेल्वेचे फाटे होते.

जोन्सनी इथे एक सुधारणा शोधली. तेलविहिरीच्या तोंडाशी इंजिनानं वरखाली होणारी तुळई असते आणि खाली शेकडो फुटांवर पंप. या दोघांना जोडणारी दांड्यांची लांब माळ म्हणजे सकर रॉड. पूर्वी या दांड्या लाकडी असत. विहिरी खोल होत गेल्या तशा त्या तुटू लागल्या, आणि दांडी तुटली की विहीर बंद. जोन्सनी लोखंडी दांडी आणि तिचा पक्का सांधा तयार केला, पेटंट घेतलं आणि १८९४ मध्ये एका ओसाड पडलेल्या कारखान्याच्या जागेत ॲक्मी सकर रॉड कंपनी सुरू केली.

वर्ष लक्षात घ्या. १८९३ च्या आर्थिक कोसळीनंतरचं ते वर्ष होतं. बँका बुडालेल्या, कारखाने बंद, आणि दारात कामासाठी हात जोडून उभे असलेले तगडे कारागीर. लहान गावातल्या, तेलाच्या माळावरच्या बेकारीत माणूस निदान ओळखीचा असतो. इथे रोज नवे चेहरे येत आणि डोळ्यात पाणी आणून काम मागत. बाजारभाव दिवसाला एक ते दीड डॉलर होता आणि त्याहून कमीतही माणसं मिळाली असती. जोन्सनी किमान दोन डॉलर ठरवले.

त्या काळच्या कारखान्यांत भिंतीवर नियमांची लांबलचक यादी टांगलेली असे. उशीर केल्यास दंड, बोलल्यास दंड, अमुक केल्यास हकालपट्टी. जोन्सनी एकच पाटी लावली. बायबलमधलं ते वाक्य : लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं, तसंच तुम्ही त्यांच्याशी वागा. इंग्रजीत त्याला गोल्डन रूल म्हणतात.

इथे थोडं थांबतो. आपल्याकडे या अर्थाचं सुभाषित सर्वांना ठाऊक आहे : आत्मनः प्रतिकूलानि परेषां न समाचरेत्. आपल्याला जे सोसवत नाही ते दुसऱ्याला करू नये. पण हा नकारातला नियम आहे. काही न करता, घरात गप्प बसूनही तो पाळता येतो. जोन्सची पाटी ‘करा’ म्हणते, आणि कारखानदाराला ‘करा’ हा शब्द महाग पडतो. आठ तासांचा दिवस, वर्षाला एक आठवडा पगारी सुट्टी, नाताळला वर्षभराच्या पगाराच्या पाच टक्के बक्षीस, कामावर लहान मुलं नाहीत, हजेरीचं घड्याळ नाही, कारखान्यातच अल्प दरात गरम जेवण, पुढे कामगारांना कंपनीच्या नफ्यात भाग. शेजारचा मोकळा तुकडा घेऊन त्यांनी गोल्डन रूल पार्क केलं, शिवाय सभागृह केलं. शिकागोच्या वस्तीत काम करणाऱ्या जेन ॲडम्स तिथे येऊन बोलल्या. कामगारांचा बँड होता, वर्षाला सहल होती.

दुसऱ्या कारखानदारांना हे वेड वाटलं. मात्र कंपनी बुडाली नाही, चांगली चालली. यावरून ‘चांगुलपणा फायद्याचा असतो’ असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते, आजही व्यवस्थापनाच्या वर्गात भेटतात. मला तो घाईचा वाटतो. जोन्सच्या हाती पेटंट होतं. त्यांच्या दांडीला तोडीस तोड दांडी बाजारात नव्हती, म्हणून दिवसाला अर्धा डॉलर जास्त दिल्यानं त्यांचा माल कुणी नाकारणार नव्हतं. शेजारच्या सायकल कारखान्याला, जिथे दहा कंपन्या एकमेकींचे भाव पाडत होत्या, हीच पाटी लावून टिकणं किती जमलं असतं? जोन्स स्वतः भाबडे नव्हते. चढाओढीच्या बाजारात हा नियम पुरता पाळता येत नाही, आपणही तो पुरता पाळत नाही, असं ते लिहीत. पगारवाढ म्हणजे न्याय नव्हे, न्यायाच्या दिशेनं एक पाऊल, ही त्यांची भूमिका.

आणि एक साधी गोष्ट : कारखान्यात त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं. मालक तेच. आठ तास म्हटले की आठ तास.

तडजोडीचा उमेदवार

१८९७ मध्ये टोलेडोच्या रिपब्लिकन पक्षात महापौरपदाच्या उमेदवारीवरून गटबाजीत घोडं अडलं. कुठल्याच गटाचा माणूस पुढे सरकेना, तेव्हा कुणालाच फारसा न खुपणारा म्हणून जोन्स यांचं नाव पुढे आलं. यशस्वी कारखानदार, कामगारांत लोकप्रिय, राजकारणात कोरा. अशा माणसाला निवडून आणून हवं तसं वाकवता येईल असा हिशेब पक्षातल्या मंडळींनी केला असणार. आपल्या ओळखीचा हिशेब आहे हा. जोन्स पाचशेच्या आसपास मतांच्या फरकानं, जेमतेम निवडून आले.

मराठी वाचकाला एक खुलासा हवा. आपल्या महानगरपालिकेत कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे असतात आणि महापौर सभेचा अध्यक्ष असतो. टोलेडोचा महापौर थेट लोकांनी निवडलेला, पण त्याच्या हातीही सगळ्या चाव्या नव्हत्या. पैसा आणि परवाने नगरसभेकडे, कित्येक खाती वेगवेगळ्या मंडळांकडे, आणि सगळ्यांच्या वर राज्याचं विधिमंडळ. महापौराकडे ठळक अशा दोन गोष्टी होत्या : पोलिसांवर काही प्रमाणात हुकमत आणि नगरसभेच्या ठरावावर नकाराधिकार.

जोन्सनी या दोन्ही पुरेपूर वापरल्या.

पोलिसांच्या हातातले जाड दांडके काढून घेऊन त्यांनी हलक्या छड्या दिल्या. पोलिसांना आठ तासांची पाळी लावली. भरतीत वशिल्याऐवजी गुणवत्ता पाहायला सुरुवात केली. पालिकेच्या मजुरांनाही आठ तास आणि किमान रोज लागू करवला. बालवाड्या, मुलांची मैदानं, बागेतले मोफत गाण्याचे कार्यक्रम आले. स्वतःचा महापौराचा पगार ते गरजूंना वाटून टाकत, त्यामुळे त्यांच्या कार्यालयाबाहेर रोज रांग असे. त्यातले काही नुसतेच फुकटे होते. जोन्सना ते कळत नसेल असं नाही.

खरी खळबळ उडाली ती पोलीस कोर्टात. न्यायाधीश गैरहजर असतील तेव्हा किरकोळ गुन्ह्यांच्या त्या कोर्टात बसायचा अधिकार महापौराला होता. जोन्स तिथे बसले की दारुडे, भटके, वेश्या यांना बहुधा सोडून देत. त्यांचा मुद्दा साधा : श्रीमंत माणूस आपल्या क्लबात पिऊन पडतो तेव्हा त्याला कुणी पकडत नाही, गाडीत घालून घरी पोचवतात. गरीब रस्त्यावर पडतो म्हणून गुन्हेगार. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून तुरुंग, म्हणजे शिक्षा गुन्ह्याची की गरिबीची? विधिमंडळानं पुढे कायदा करून महापौराचा कोर्टात बसायचा हा अधिकारच काढून घेतला.

मुद्दा मनाला भिडतो. पण इथे मी जोन्सच्या बाजूनं पूर्ण उभा राहू शकत नाही. कायदा राबवायला निवडलेला माणूस, आपल्याला पटत नाही म्हणून कायदा बाजूला ठेवतो. आज त्याचं मन मोठं आहे म्हणून भटका सुटला. उद्या त्या खुर्चीत ज्याचं मन मोठं नाही असा कुणी बसला आणि त्यानंही स्वतःच्या मनाप्रमाणे सोडायला नि डांबायला सुरुवात केली तर? जोन्सच्या विरोधकांत सगळेच ढोंगी नव्हते. काहींना हीच भीती वाटत होती.

पाद्री, गुत्ते आणि दुसरे जोन्स

विरोधाचा मोठा भाग मात्र गुत्त्यांवरून होता. रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवायचा कायदा होता आणि जोन्स तो कडकपणे राबवत नव्हते. कामगाराला गुत्ता सोडून बसायला दुसरी जागा द्या, मग गुत्ता बंद करायचं बघू, असं त्यांचं म्हणणं. चर्चमधली सभ्य मंडळी खवळली. ज्यानं बायबलचं वाक्य कारखान्यात टांगलं, त्याच्याविरुद्ध गावातली चर्चं एकवटली, हा या प्रकरणातला सगळ्यात गमतीचा भाग.

१८९९ च्या निवडणुकीआधी चर्चवाल्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातून सॅम जोन्स नावाचेच एक गाजलेले प्रवचनकार बोलावले. एका गावात दोन सॅम जोन्स. पाहुण्या जोन्सनी सांगून टाकलं की गोल्डन रूल एका मर्यादेपर्यंत ठीक, त्यापुढे बंदूक आणि सोटा लागतो. हजारो लोक ऐकायला आले.

त्याच सुमारास रिपब्लिकन पक्षानं जोन्स यांची उमेदवारी नाकारली. दोन वर्षांत पक्षाच्या लोकांची कामं झाली नव्हती, कंत्राटं आणि नेमणुका ठरल्या वाटेनं गेल्या नव्हत्या. जोन्स अपक्ष उभे राहिले. ‘पक्षाआधी तत्त्व’ ही घोषणा. कामगारांचा बँड घेऊन ते वॉर्डावॉर्डात फिरले. निकाल सुरुवातीलाच दिला आहे.

एवढी मतं कुठून आली? कामगारांची म्हणावं तर तेवढ्यानं सत्तरच्या घरात आकडा जात नाही. टोलेडोत जर्मन आणि पोलिश वस्ती भरपूर होती आणि रविवारी बियर प्यायला बंदी या कल्पनेनं तिचं डोकं फिरत असे. गुत्तेवाल्यांनाही कडक महापौर नको होता. म्हणजे ध्येयवादाच्या मतांत सोयीची मतंही मिसळलेली होती. निवडणुकीतलं दूध निर्भेळ कुठेच नसतं.

या विजयाच्या भरात जोन्सनी त्याच वर्षी राज्यपालपदाची निवडणूकही अपक्ष लढवली आणि आपटले. पण पडलेली मतं होती १ लाख ६ हजारांवर, आणि टोलेडोची लुकास काउंटी व क्लीव्हलँडची कायाहोगा काउंटी या दोन्हींत ते पहिले होते. शहरांनी उचललं, खेड्यांनी ओळखलंच नाही. पुढे १९०१ आणि १९०३ मध्येही ते महापौर म्हणून निवडून आले. चारदा लागोपाठ, त्यातल्या शेवटच्या तीन वेळा मूळ पक्षाला डावलून.

पोलीस कुणाचे?

मग विधिमंडळ मैदानात उतरलं. ओहायोच्या १८५१ च्या घटनेत तरतूद होती की एकेका शहरासाठी वेगळा कायदा करून त्याच्या पालिकेला अधिकार देता येणार नाहीत. विधिमंडळानं पळवाट काढली होती : शहरांची लोकसंख्येनुसार वर्गवारी करायची, आणि वर्ग इतके बारीक पाडायचे की एका वर्गात एकच शहर उरावं. मग त्या ‘वर्गा’साठी कायदा. नाव सर्वसाधारण, निशाणा एकावर.

या वाटेनं १९०२ मध्ये टोलेडोचं पोलीस खातं महापौराकडून काढून राज्यपालानं नेमलेल्या मंडळाकडे द्यायचा कायदा झाला. जोन्सनी नव्या मंडळाला ताबा द्यायला नकार दिला. प्रकरण ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जोन्स यांच्या बाजूनं उभे होते ब्रँड व्हिटलॉक, पत्रकारितेतून वकिलीत आलेला तरुण, जोन्सचा मित्र. न्यायालयानं जोन्स यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि तोही एका टोलेडोपुरता नाही. वर्गवारीची ती सगळी क्लृप्तीच घटनाबाह्य ठरली. एका झटक्यात ओहायोतल्या झाडून सगळ्या शहरांचे कायदे लटके पडले आणि त्याच वर्षी विधिमंडळाला खास अधिवेशन घेऊन सगळ्यांसाठी एकच पालिका संहिता करावी लागली.

माझ्या मते जोन्स यांच्या सात वर्षांतलं सगळ्यात टिकाऊ काम हेच. आणि ते प्रेमाच्या नियमानं झालेलं नाही, ‘चावी देत नाही’ असं म्हणून पाय रोवल्यानं झालं. छड्या, बालवाड्या, सोडून दिलेले भटके हे सगळं पुढच्या महापौराला एका सहीत उलटवता आलं असतं. न्यायालयाचा निकाल उलटवता येत नव्हता.

ट्रॉली

नकाराधिकाराची खरी कसोटी लागली ती ट्रॉलीवर. विजेवर चालणाऱ्या ट्रॉल्यांची, म्हणजे ट्रामगाड्यांची कंपनी खासगी होती, पण रस्ते गावाचे. त्या रस्त्यांवर रूळ टाकून धंदा करायचा परवाना नगरसभा देत असे. परवाना जितका लांब, तितके कंपनीच्या शेअरना भाव. म्हणून मुदत संपायच्या कितीतरी आधीच, गावाची वस्ती आणखी वाढायच्या आत, पुढची पंचवीस वर्षं बांधून घ्यायची कंपनीची धडपड. भाडं कमी करा, गावाला वाटा द्या, अशी अट नाही. जोन्स यांचं मत त्याही पुढचं, की पाणी आणि दिवाबत्तीसारखी ट्रॉलीही गावाच्याच मालकीची हवी.

नगरसभेनं मुदतवाढीचा ठराव केला. जोन्सनी तो फेटाळला. आता सभा दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर करते का, एवढाच प्रश्न राहिला. त्या रात्री गावातले लोक घोळक्या-घोळक्यानं येऊन सभागृहात घुसले. बाकं भरली, जिने भरले. टोलेडोच्या आठवणीत हा प्रसंग ‘बूट घातलेला अर्ज’ म्हणून राहिला आहे : कागदावरचा अर्ज नाही, पायांनी चालत आलेला. नगरसेवकांनी त्या गर्दीकडे पाहिलं आणि ठराव तसाच पडू दिला.

इथे कारखाना आणि गाव यांतला फरक स्वच्छ दिसतो. कारखान्यात जोन्स ‘करा’ म्हणू शकत होते. गावात त्यांना ‘नाही’ एवढंच म्हणता येत होतं. सात वर्षांत ट्रॉली गावाच्या मालकीची झाली नाही. गावाची स्वतःची वायूवाहिनीही त्यांच्या विरोधाला न जुमानता खासगी हातांत गेली. नगरसभेत त्यांची म्हणून माणसं नव्हती, कारण त्यांनी कधी पॅनेलच उभं केलं नाही. पक्ष हीच कीड, असं मानणाऱ्या माणसानं स्वतःचा पक्ष कसा काढायचा? तत्त्व म्हणून हे शोभून दिसतं. पण महापौर आपला आणि सगळी सभा दुसऱ्यांची, अशी दर वेळी अवस्था. दर वेळी गावाला बूट घालून यायला सांगता येत नाही.

जोन्सना दम्याचा त्रास होता. स्वभावातही काही विक्षिप्तपणा होता. उघड्या हवेत झोपणं, भर सभेत शीर्षासनासारखे प्रकार, खाण्याचे प्रयोग, टॉल्स्टॉय आणि अमेरिकन कवी व्हिटमन यांचं वेड. तब्येतीची एवढी काळजी करूनही १९०४ च्या उन्हाळ्यात फुप्फुसांनी दगा दिला आणि १२ जुलैला, ५७ व्या वर्षी, पदावर असतानाच ते वारले. अंत्ययात्रेला हजारो लोक होते. कारखान्यातले कामगार, पोलीस, बँकवाले, आणि ज्यांना त्यांनी त्या कोर्टातून सोडलं होतं तेही. व्हिटलॉक यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की मृत्यूची बातमी बाजारात पोचली तेव्हा ट्रॉली कंपनीचे शेअर चढले.

व्हिटलॉक १९०५ मध्ये अपक्ष म्हणूनच निवडून आले आणि चारदा महापौर झाले. गुरूकडे जे नव्हतं ते त्यांनी उभं केलं : नगरसभेसाठी अपक्षांचं पॅनेल. शहरांना स्वतःची घटना स्वतः लिहायचा अधिकार मिळावा म्हणून ते राज्यभर बोलत राहिले आणि १९१२ मध्ये ओहायोच्या राज्यघटनेत ती दुरुस्ती झाली. पहिल्या महायुद्धात ते बेल्जियममध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी होते.

ट्रॉलीचा वाद मात्र चिघळतच राहिला. परवाना संपला, तात्पुरत्या सवलतींवर गाड्या धावत राहिल्या, भाड्यावरून कंपनी आणि गाव भांडत राहिले. नोव्हेंबर १९१९ मध्ये टोलेडोच्या मतदारांनी कंपनीला रस्त्यांवरून हटवायचा ठराव मंजूर केला. त्यावर कंपनीनं एका रात्रीत आपल्या सगळ्या ट्रॉल्या रांगेनं हाकून शेजारच्या मिशिगन राज्याच्या हद्दीत नेऊन उभ्या केल्या. सकाळी लोक कामावर जायला कोपऱ्याकोपऱ्यावर येऊन थांबले, तर रूळ मोकळे. पुढचे काही आठवडे टोलेडो पायी चालत होतं.